मोटारीची घडण व मालकाचा पान्हा

स्मरणिकेच्या पानांवर बाजारभाव, करआकारणी, वजनकाटे, वखारी व वाहतूक यांविषयी प्रतिवर्षी पुष्कळ लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. यंदा आम्ही ज्या वस्तूविषयी चार शब्द लिहिणार आहोत ती आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात उभी आहे. तरीही तिच्याकडे व्यापाऱ्याच्या नजरेने आपण क्वचितच पाहतो. ती वस्तू म्हणजे मोटार.

धान्याच्या व्यापारात एक जुना नियम आहे. पोते नीट शिवलेले असो, त्यावर नामांकित पेढीचा शिक्का असो, टोकदार नळी आत खुपसून मूठभर दाणे तळहातावर घेतल्यावाचून आपण सौदा करीत नाही. वरचे दाणे टपोरे असले म्हणजे तळचेही तसेच असतील असे मानणारा व्यापारी या धंद्यात फार दिवस टिकत नाही. असे असता तोच चोखंदळ मनुष्य दहा-पंधरा लाखांची मोटार घेताना रंग पाहतो, आतील पडद्यावर चित्रे कशी उमटतात ते पाहतो, मुलाबाळांची पसंती विचारतो आणि सही करून मोकळा होतो. बॉनेट उघडून आत हात कोठवर जातो हे पाहणारा ग्राहक विरळाच.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मोटारीची साधी दुरुस्ती मालकास किंवा त्याच्या विश्वासातील मिस्त्रीस करता येईल की नाही, हे बिघाडाच्या दिवशी ठरत नसते. कारखान्यात गाडीचा आराखडा ज्या दिवशी आखला जातो त्याच दिवशी ते ठरून गेलेले असते. म्हणून या गोष्टीचा विचार खरेदीपूर्वीच झाला पाहिजे, आणि तो आपण एकेकट्याने न करता संघ म्हणून केला पाहिजे.

आमच्या पिढीस मोटार म्हणजे प्रथम अ‍ॅम्बॅसडर. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून ती घेतलेली होती आणि बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५७ साली तिची निर्मिती सुरू झाली. चार सिलिंडरांचे, सुमारे दीड हजार घन सेंटिमीटरचे तिचे पेट्रोल इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसविलेले असे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस मनुष्याचा हात कोपरापर्यंत सहज जाईल एवढी मोकळी जागा असे. कार्बुरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो, प्लग, फॅनबेल्ट हे सर्व भाग बॉनेट उघडताच डोळ्यांस दिसत. प्रत्येक भाग नट-बोल्टांनी जोडलेला असे व तो सुटा करून पुन्हा बसविता येई. चार-दोन मापांचे पान्हे, एक पेचकस, एक पक्कड आणि जॅक एवढ्या सामग्रीवर रविवार पेठेतील आमच्या दुकानांचे ड्रायव्हर निम्म्याहून अधिक बिघाड वाटेतच निस्तरीत असत.

एक उदाहरण देतो. इंजिनात ठिणगी नीट पडेनाशी झाली की प्रथम डिस्ट्रिब्युटर पाहावयाचा. त्याचे झाकण दोन चापांनी धरलेले असे. ते चाप बोटांनीच सोडविता येत. आत पॉइंट दिसत. त्यांवर काजळी धरली असेल तर पॉलिश पेपरने घासावयाची आणि दोहोंमधील अंतर सुमारे १५ हजारांश इंच ठेवावयाचे. हे माप घेण्यास पोलादी पट्ट्या मिळत. परंतु आमच्याकडील ड्रायव्हर लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा तुकडा मध्ये सरकवूनही वेळ निभावून नेत. फॅनबेल्ट सैल पडला तर डायनॅमोचा बोल्ट ढिला करून तो थोडा बाहेर ओढावयाचा व पुन्हा आवळावयाचा. बॅटरी उतरली तर पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन हातांनी फिरवावयाचे. या कामांस विद्या लागत नसे असे नाही. परंतु ती विद्या पाहून शिकता येण्यासारखी होती, कारण यंत्राने आपले अंतरंग झाकून ठेवलेले नव्हते.

मात्र जुने ते सर्व सोने, असा सूर आम्हांस लावावयाचा नाही. ती गाडी वारंवार बिघडत असे. ठराविक मैलांनी तिच्या सांध्यांत ग्रीस भरावे लागे. उन्हाळ्यात आंबोलीचा घाट चढताना रेडिएटरमधील पाणी उकळे आणि सर्व मंडळी झाडाखाली सावली धरून बसत. मालकांस व ड्रायव्हरांस दुरुस्ती येत होती याचे एक कारण असेही होते की दुरुस्तीचे प्रसंग पदोपदी येत. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना त्यांतील सुखाइतकेच कष्टही आठवतील.

पुढे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचे तीन सिलिंडरांचे ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन आडवे बसविलेले होते आणि ओढ पुढील चाकांना होती. त्यामुळे गाडीचे नाक आखूड झाले, बसण्यास जागा अधिक मिळाली, व इंजिनाभोवतीची मोकळी जागा मात्र घटली. आमच्या पेठेतील मिस्त्र्यांनी प्रथम नाके मुरडली. परंतु प्लग, एअर फिल्टर, बॅटरी, दिव्याचा बल्ब हे भाग त्या छोट्या गाडीतही हाताशीच होते, आणि दोनएक वर्षांत तिची दुरुस्ती गल्लोगल्ली होऊ लागली. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. जागा लहान असणे हा दुरुस्तीतील खरा अडसर नाही. त्या जागेत कोणता भाग कोठे ठेवला आहे यावर सर्व अवलंबून असते. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले व अ‍ॅम्बॅसडरचे त्याच वर्षीच्या मे महिन्यात. घरच्या हत्यारांनी उघडता येणाऱ्या दोन गाड्या अशा एकाच वर्षी कारखान्यांतून नाहीशा झाल्या.

दरम्यान मोटारीच्या अंतरंगात मोठा पालट झाला होता, व तो का झाला हे समजून घेतले पाहिजे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. धुरातील विषारी वायू कमी करणारे जे उपकरण धुराच्या नळीत बसवितात, ते नीट चालावयाचे तर पेट्रोल व हवा यांचे प्रमाण अत्यंत काटेकोर राहावे लागते. कार्बुरेटरला ते साधत नाही. म्हणून धुरातील प्राणवायू मोजणारा एक संवेदक नळीत आला. तो आपले मोजमाप एका छोट्या संगणकास कळवितो, आणि तो संगणक क्षणोक्षणी पेट्रोलची फवारणी कमी-अधिक करतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे धुराचे कडक मानक देशभर लागू झाले. २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत ब्रेक दाबल्यावर चाक घसरू न देणारी यंत्रणा सक्तीची झाली व त्याच वर्षी चालकापुढील एअरबॅगही सक्तीची झाली. या सर्वांमुळे गाडीत तारा, संवेदक व संगणक वाढले.

या पालटाचा लाभ आपण सर्व घेत आहोत. आजची मोटार थंडीच्या पहाटेही पहिल्याच प्रयत्नात सुरू होते. पॉइंट घासण्याचा प्रश्नच उरलेला नाही. अपघातात जीव वाचतात. शहरांची हवा याहूनही बिघडली असती ती काही अंशी सावरली. ही गुंतागुंत कामातूनच उद्भवलेली आहे व ती आपण स्वीकारली पाहिजे. धूर कमी हवा, जीव सुरक्षित हवा आणि यंत्र मात्र १९५७ सालचे हवे, अशी मागणी कोणी समंजस मनुष्य करणार नाही.

परंतु याच्या आडोशाने एक दुसऱ्या जातीची अडचण गाडीत शिरली आहे, आणि तिचा धुराशी किंवा सुरक्षिततेशी काही संबंध नाही. ती केवळ मांडणीतून उद्भवते. या दोन अडचणींची निवड आपण करावयास शिकले पाहिजे. धान्यात ओल असणे निराळे आणि खडे मिसळलेले असणे निराळे. दोहोंचा भाव आपण एक धरीत नाही.

आमच्या घरच्या एका गाडीचा पुढील डाव्या दिव्याचा बल्ब गेला. आम्ही ती पेठेतील जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्याने वाकून पाहिले व म्हणाला, “शेठजी, बल्ब दोनशे रुपयांच्या आतला आहे, पण तो काढायला आधी गाडीचं तोंड उतरवावं लागतं.” तोंड म्हणजे पुढील बंपर. तो उतरविणे, दिव्याचा संपूर्ण संच बाहेर काढणे, बल्ब बदलून सर्व पुन्हा बसविणे यांत अर्धी सकाळ गेली, आणि प्लॅस्टिकच्या तीन खुंट्या मोडल्या त्या निराळ्याच. त्याच आठवड्यात आमच्या पुतण्याच्या, साधारण त्याच किमतीच्या दुसऱ्या कारखान्याच्या गाडीचा बल्ब त्याच मिस्त्रीने उभ्या उभ्या बदलला. दिव्याच्या मागे रबराची टोपी होती, ती काढली, बल्ब फिरवून काढला, नवा घातला. दोन्ही गाड्या एकाच धूर-मानकाच्या, दोन्हींत सुरक्षिततेची साधने सारखीच. फरक एवढाच की एका आराखड्यात हातासाठी वाट ठेवलेली होती व दुसऱ्यात ती ठेवलेली नव्हती.

अशी उदाहरणे कितीतरी देता येतील. पेट्रोलचा पंप आता टाकीच्या आत असतो. काही गाड्यांत मागील आसन उचलले की खाली पंपावर जाण्याचे छोटे झाकण असते. पंप तासाभरात बदलता येतो. काही गाड्यांत ते झाकणच ठेवलेले नसते. मग पेट्रोलसह सारी टाकी खाली उतरवावी लागते. पत्र्यातील एका वीतभर छिद्राचा हा फरक आहे. इंजिनातील झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा ठराविक काळाने बदलावाच लागतो, कारण तो तुटला तर बहुतेक इंजिनांत झडपा वाकून मोठा खर्च उभा राहतो. तो पट्टा बदलण्यासाठी पुष्कळ गाड्यांत इंजिनाला आधार देणारा भागही सोडवावा लागतो. काही गाड्यांत हँडब्रेक विजेवर चालतो. तेथे मागील ब्रेकचे पॅड बदलण्यापूर्वी संगणकास तशी आज्ञा द्यावी लागते, नुसत्या पान्ह्याने भागत नाही. काही उंची विदेशी गाड्यांत नवी बॅटरी बसविली की ती संगणकात नोंदवावी लागते. काहींत तर इंजिनातील तेल पाहण्याची साधी पट्टीही काढून टाकलेली आहे. तेल किती आहे ते पडद्याने सांगावयाचे व आपण मानावयाचे. आणि २०२० साली नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा व पंक्चर काढण्याची सामग्री दिलेली असेल तर स्टेपनी न देण्याची मुभाही कारखानदारांस मिळालेली आहे. पंक्चरच्या सामग्रीने खिळ्याचे छिद्र बुजते. खड्ड्यात आपटून टायरची बाजू फाटली तर तिचा काही उपयोग नाही, हे आपल्याकडील रस्त्यांवरून जाणाऱ्यास सांगावयास नको.

कारखानदार असे का करतात? सर्वच ठिकाणी त्यांचा हेतू वाईट असतो असे आम्ही म्हणणार नाही. मोटार आता सुट्या भागांतून न जोडता मोठ्या मोठ्या तयार संचांतून जोडली जाते. जोडणीच्या रांगेत प्रत्येक सेकंदाचा हिशेब असतो. बोल्ट आवळण्यापेक्षा प्लॅस्टिकची खुंटी दाबून बसविणे जलद होते. मात्र तीच खुंटी काढताना मोडते. गाडी बाहेरून लहान व आतून ऐसपैस हवी ही आपल्याच ग्राहकवर्गाची मागणी आहे; तिच्या पूर्तीसाठी यंत्रे एकमेकांस खेटून बसवावी लागतात. हे सर्व खरे असले तरी व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहता यात एक गोष्ट स्पष्ट दिसते. जोडणीत वाचलेले सेकंद कारखानदाराच्या खात्यावर जमा होतात आणि उघडण्यात गेलेले तास मालकाच्या खात्यावर नावे पडतात. दोन वह्या निराळ्या असल्यामुळे तेथे हा मेळ कोणी घालीत नाही. तो घालावयाचा असेल तर मालकानेच घातला पाहिजे.

मांडणीच्या अडचणीखेरीज आणखी एक कुलूप आहे, ते ज्ञानाचे. गाडीतील संगणक आपला बिघाड सांकेतिक अंकांनी नोंदवून ठेवतो. ते अंक वाचण्यासाठी डॅशबोर्डाखाली १६ पिनांची एक खोबण असते. अमेरिकेत १९९६ च्या गाड्यांपासून ती सर्व कारखान्यांस एकसारखी ठेवावी लागली. आपल्याकडेही भारत स्टेज चारच्या काळात, २०१३ पासून, त्या जातीची व्यवस्था सक्तीची झाली. या एका नियमाचा उपकार केवढा मोठा! काडेपेटीएवढे एक यंत्र खोबणीत लावले की धुराशी संबंधित बिघाडाचा अंक आपल्या मोबाइलवर दिसतो, मग गाडी कोणत्याही कारखान्याची असो. नवे तंत्र आले म्हणजे मालकाचा हात आखडलाच पाहिजे असे नाही, याचा हा उत्तम पुरावा आहे. परंतु हा एकसारखेपणा धुराशी संबंधित अंकांपुरताच आहे. ब्रेकची यंत्रणा, एअरबॅग, किल्ली, दरवाजे यांची भाषा ज्याची त्याने निराळी ठेवली आहे, व ती वाचणारे यंत्र बहुधा अधिकृत केंद्रातच सापडते.

हा प्रश्न आपल्या देशात न्यायासनापुढेही आलेला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कारखानदारांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला. सुटे भाग खुल्या बाजारात येऊ न देणे, बाहेरील मिस्त्र्यांस दुरुस्तीच्या पुस्तिका व तपासणीची यंत्रे न देणे, बाहेर दुरुस्ती केल्यास हमी रद्द होईल असे बजावणे, या प्रकारांवर आयोगाने ठपका ठेवला व ते थांबविण्याचे आदेश दिले. दंडाचा वाद पुढे अपिलांत गेला. परंतु दुरुस्तीचा बाजार मोकळा असावा हे तत्त्व एका अधिकृत संस्थेने स्पष्ट शब्दांत मांडले, हे ग्राहकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. बेळगावकरांस तर याचे विशेष अगत्य वाटावे. आपल्या उद्यमबागेतील ओतशाळांत व कारखान्यांत मोटारींचे भाग तयार होतात. जो भाग आपल्या गावात ओतला व घासला गेला, तो गावच्या दुकानात सरळ मिळू नये, तो कारखानदाराच्या वेष्टनातून व त्याच्याच भावाने परत यावा, या व्यवहारावरही आयोगाने बोट ठेवले होते.

परदेशांतही हीच चळवळ चालू आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मोटार दुरुस्तीच्या हक्काचा कायदा झाला, आणि २०२० साली तेथील मतदारांनी गाडीतून बिनतारी मार्गाने जाणाऱ्या माहितीपर्यंत तो हक्क वाढविण्याच्या बाजूने कौल दिला. युरोपात लागू असलेल्या वाहन-दिव्यांच्या ४८ क्रमांकाच्या नियमावलीत, बदलता येणारा बल्ब तज्ज्ञाच्या मदतीवाचून व खास हत्यारांवाचून बदलता आला पाहिजे अशी अट आहे. म्हणजे बल्बाची वाट ही देखील कायद्याने मागता येण्यासारखी गोष्ट आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक माहितीस्थळ उघडले. त्याच्या चार क्षेत्रांत मोटारींचा समावेश आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. अर्धवट माहितीच्या मनुष्याने आजच्या गाडीत हात घातला तर अनर्थ होईल, असे कारखानदार म्हणतात. काही भागांविषयी हे अक्षरशः खरे आहे. एअरबॅगच्या, बहुधा पिवळ्या वेष्टनातील, तारांना व विजेच्या गाडीतील नारिंगी तारांना घरच्या मनुष्याने कदापि हात लावू नये. तेथे जिवाशी गाठ आहे. संगणकाच्या कुलुपाची किल्ली चोरीस आळा घालते, हेही मान्य केले पाहिजे. परंतु दिव्याचा बल्ब, फ्यूज, बॅटरी, हवेचा फिल्टर, पुसणीचे रबर, तेलाची पट्टी, स्टेपनी यांना हा आक्षेप कसा लागू पडतो? आणि ब्रेकचे पॅड जर निष्णात मिस्त्री चाळीस वर्षे बदलीत आला असेल, तर त्यास आज्ञा देणारे यंत्र विकत मिळू नये यात सुरक्षितता कोणती? जेथे धोका खरा आहे तेथे बंदी असावी. जेथे धोका नाही तेथे केवळ आडकाठी नसावी.

यात आपले काय पणाला लागले आहे ते शेवटी सांगतो. पहिली गोष्ट, आपल्या पेठांतील मिस्त्री. ज्यांनी आपले टेम्पो व मोटारी रात्री-अपरात्री चालू करून दिल्या, ज्यांनी उधारीवर काम करून दिवाळीला हिशेब घेतला, त्यांची गॅरेजे एकामागून एक बंद होत आहेत. त्यांचा हात थरथरू लागला म्हणून नव्हे, तर त्यांच्या हाताला गाडीत वाट उरली नाही म्हणून. ही मंडळी गेली की मोठ्या शहरापासून दूर असलेल्या तालुक्यांच्या गावी बंद पडलेली गाडी ट्रकवर लादूनच आणावी लागेल.

दुसरी गोष्ट, जुन्या गाडीचा पुढील मालक. आपली गाडी सात-आठ वर्षांनी आपल्यापेक्षा कमी ऐपतीच्या मनुष्याकडे जाते. तो तिच्यावर भाडे मारून संसार चालवितो. जी गाडी साध्या गॅरेजात उघडत नाही तिला हा दुसरा मालक लाभत नाही. मग चालण्याजोगे यंत्र एका छोट्या बिघाडासाठी भंगारात जाते. एवढे लोखंड, एवढी काच व एवढे श्रम अकाली वाया घालविणे हे काटकसरीच्या कोणत्याही शिकवणीत बसत नाही. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, ती वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाली म्हणून. त्या जातीच्या टॅक्सीने हजारो कुटुंबे पोसली, त्यास तिची सुलभ घडण पुष्कळ अंशी कारण होती.

तिसरी गोष्ट, आपली पुढील पिढी. आमच्या परिचयातील कितीतरी तरुणांस गाडी शंभराच्या वेगाने हाकता येते, पण स्टेपनी कोठे आहे व जॅक कोठे लावावयाचा हे ठाऊक नाही. त्यांस दोष देण्यात अर्थ नाही. ज्या यंत्रावर प्लॅस्टिकचे आच्छादन घालून दिलेले आहे त्याविषयी कुतूहल कसे जागे व्हावे? परंतु स्वतःच्या वस्तूविषयी अज्ञान असलेला मालक दुसऱ्याच्या बिलावर मुकाट्याने सही करतो, आणि ही सवय एकदा लागली की ती मोटारीपुरती राहत नाही.

म्हणून आमची विनंती अशी. नवी गाडी घेण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने विक्रेत्यास काही प्रश्न विचारावेत. पुढील बल्ब कसा बदलतात ते प्रत्यक्ष करून दाखवा. पेट्रोलच्या पंपास वरून झाकण आहे काय? तेलाची पट्टी कोठे आहे? वेळेचा पट्टा आहे की साखळी, व पट्टा असल्यास तो किती किलोमीटरांनी बदलावा लागतो आणि त्याची मजुरी काय? स्टेपनी आहे काय, व ती इतर चाकांच्याच मापाची आहे काय? मागील ब्रेकचे पॅड बाहेरील मिस्त्रीस बदलता येतील काय? बाहेर दुरुस्ती केल्यास हमीवर कोणता परिणाम होईल, ते लिहून द्याल काय? शक्य असल्यास आपला मिस्त्री सोबत न्यावा. धान्य घेताना आपण जाणकार सोबत नेतोच. उत्तरे मिळाली नाहीत तर ते नोंदवून ठेवावे व दुसरे दुकान पाहावे. शंभर ग्राहकांनी हे प्रश्न विचारले म्हणजे विक्रेता ते वर कळवील, आणि आराखडा आखणाऱ्यांच्या कानांवर ते केव्हातरी जातील.

संघाकडेही तीन सूचना करावयाच्या आहेत. बाजारात जे खुले तपासणी-यंत्र अनेक कारखान्यांच्या गाड्यांस चालते, ते संघाने एक विकत घ्यावे व पेठेतील मिस्त्र्यांस अल्प भाड्याने वापरू द्यावे. वर्षातून दोन रविवार सभासदांच्या मुला-मुलींसाठी वर्ग भरवावा. चाक बदलणे, फ्यूज व बल्ब पाहणे, तेल-पाणी तपासणे, आणि कोणत्या तारांस हात लावू नये, एवढे तेथे शिकवावे. तिसरी सूचना सरकारकडे निवेदन पाठविण्याची आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप या योजनेखाली मोटारींना सुरक्षिततेचे तारे दिले जाऊ लागले, व ग्राहक ते पाहून गाडी निवडू लागले. फ्रान्समध्ये २०२१ साली मोबाइल, संगणक, दूरदर्शन संच, धुण्याची यंत्रे यांवर ती दुरुस्त करण्यास किती सोपी आहेत याचे गुण छापणे सक्तीचे झाले. हाच न्याय मोटारीस लावून, दुरुस्तीच्या सुलभतेचेही तारे गाडीवर दिसावेत अशी मागणी व्यापारी संघांनी करावी. ज्या गुणाचा आकडा छापला जातो त्या गुणासाठी कारखानदार आपोआप झटू लागतात.

मोटार विकत घेणारा तिची पूर्ण किंमत मोजतो. त्या किमतीत ती उघडून पाहण्याचा अधिकारही आला पाहिजे. तो अधिकार कोणी हिरावून घेतला म्हणून हळहळण्यापेक्षा पुढील खरेदीच्या वेळी बॉनेट उचलून आत हात घालून पाहावा, आणि हात जात नसेल तर भाव करू नये, एवढेच आमचे सर्व बांधवांस आग्रहाचे सांगणे आहे.